घाट उतरताना आरपीएम चढेच ठेवा

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचावर आहे. खलघाटला नर्मदा त्याहून जवळपास 400 मीटर खाली वाहते. 40 टनांचा ट्रेलर मानपूर ओलांडून गणेश घाटाने निमाडात उतरतो, तेव्हा या उंचीतली ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या ऊर्जेत 500 लिटर पाणी उकळेल. थोडा वाटा टायर आणि हवा घेतात, उरलेला ब्रेकच्या ड्रमांनी किंवा इंजिनाने घ्यायचा.

सपाटीवर आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा हिरव्या पट्ट्यात, साधारण 1100 ते 1600 आरपीएमवर ठेवणे योग्यच; डिझेल वाचते. उतारावर मात्र हीच सवय घातक ठरते. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की आजच्या इंजिनात डिझेल जाणेच थांबते, काटा 2000 वर असला तरी. इंजिनाची रोखण्याची ताकद मात्र आरपीएमबरोबर वाढते.

नुसत्या कॉम्प्रेशनवर भिस्त ठेवू नका. दाबलेली हवा पिस्टनला परत ढकलते आणि घेतलेली बरीच ऊर्जा फेडून टाकते. एक्झॉस्ट ब्रेक धुराची वाट झडपेने अडवतो. मग पिस्टनला कोंडलेल्या हवेशी झुंजावे लागते. 1200 वर हा ब्रेक जेमतेम जाणवतो. ओल्या रस्त्यावर, गाडी रिकामी असताना तो जपून वापरा, मागची चाके घसरतात.

काटा लाल पट्ट्यात मात्र जाऊ देऊ नका. गव्हर्नर, म्हणजे इंजिनाच्या वेगाला लगाम घालणारी यंत्रणा, फक्त डिझेल तोडू शकतो. चाकेच इंजिन फिरवू लागली की त्याचे काही चालत नाही. व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाहीत, पिस्टन त्यांच्यावर आदळतो, व्हॉल्व्ह उघडणारे पुशरॉड वाकतात.

म्हणून गिअर घाटमाथ्यावरच पाडा. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. ‘ज्या गिअरने चढाल त्यानेच उतरा’ हा नियम जुन्या इंजिनांचा. आजची इंजिने वरच्या गिअरमध्येही चढतात, तेव्हा एक गिअर आणखी खाली घ्या. 6 टक्के उतारावर हाच ट्रेलर 30 किमी वेगाने रोखून धरायला सुमारे 170 किलोवॅट लागतात, 20 किमीला 115.

काटा लाल पट्ट्याजवळ आला की ब्रेक ठामपणे दाबा, वेग 8–10 किमीने उतरवा आणि पाय पूर्ण उचला. पाय सतत टेकवून ठेवला तर ड्रम तापून फुगतो, लायनिंगपासून (ड्रमवर घासणाऱ्या पट्ट्यांपासून) दूर सरतो, हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या चेंबरच्या रॉडची चाल संपते आणि ब्रेक नीट लागत नाही. हवेच्या दाबाचा काटा तेव्हाही पूर्ण दाब दाखवत असतो. लायनिंगचा जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबा, चाकांना ठोकळे लावा, ड्रम आपोआप निवू द्या. वर पाणी ओतले तर तो तडकतो.