कँब्रियनपूर्व चुनखडकांतले कार्बनचे मोठे चढउतार: अर्थ कसा लावत गेले आणि गाडी कुठे अडली

ओमानमधल्या शुराम शैलसमूहाच्या (एका सलग थरमालिकेच्या) सुमारे ५७ कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडकांत कार्बन-१३ चे प्रमाण प्रमाणकापेक्षा सुमारे १२ पर मिलने (हजारी १२, म्हणजे १२ ‰) कमी भरते. स्टीफन बर्न्स आणि आल्बर्ट माटर यांनी हे मोजमाप १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हापासून हा आकडा अभ्यासकांच्या मागे लागला आहे, कारण कार्बनचक्राचा सगळा हिशेब ज्या समीकरणावर चालतो त्यात तो बसत नाही. ते समीकरण कुठून आले, त्याच्यावर इतका विश्वास कसा बसला आणि शुरामपाशी ते का अडले, हे पाहिल्याशिवाय आजचे वाद समजत नाहीत.

निसर्गातल्या कार्बनपैकी सुमारे ९८.९ टक्के कार्बन-१२ असतो आणि १.१ टक्के कार्बन-१३. ही दोन्ही समस्थानिके स्थिर आहेत, पण त्यांचे प्रमाण सगळीकडे सारखे नसते, हे आल्फ्रेड नीर आणि गुलब्रान्सन यांनी १९३९ मध्ये दाखवले. प्रकाशसंश्लेषण करणारे जीव हलका कार्बन-१२ पसंत करतात, त्यामुळे सेंद्रिय पदार्थ समुद्रात विरघळलेल्या कार्बनपेक्षा साधारण २५ ते ३० ‰ हलके असतात. चुनखडक मात्र ज्या पाण्यात साचतो त्या पाण्याचे मूल्य (कार्बन-१३ प्रमाणकापेक्षा हजारी किती जास्त किंवा कमी आहे तो आकडा; जास्त तो जड, कमी तो हलका) जवळपास तसेच जपतो. म्हणून जुना समुद्र वाचायचा तर चुनखडक वाचावा, ही मूळ कल्पना.

मोजपट्टी शिकागोत हॅरल्ड यूरी यांच्या प्रयोगशाळेत ठरली. दक्षिण कॅरोलायनाच्या पी डी शैलसमूहातला बेलेम्नाइट या सागरी प्राण्याचा जीवाश्म शून्य धरला गेला. तो नमुना केव्हाच संपला. पुढे एनबीएस-१९ या संगमरवराच्या भुकटीला अधिक १.९५ ‰ असे मूल्य ठरवून देऊन पट्टी टिकवली गेली, आणि आता आयएईए-६०३ (अधिक २.४६ ‰) वापरले जाते. मॅक्रे यांनी १९५० मध्ये दिलेली रासायनिक पद्धत मात्र आजही तीच आहे. खडकाची भुकटी निर्जल फॉस्फोरिक आम्लात टाकायची, सुटलेला कार्बन डायऑक्साइड शुद्ध करायचा आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये ४४, ४५ आणि ४६ या वस्तुमानांचे प्रवाह एकमेकांशी ताडायचे. सुरुवातीला अभिक्रिया २५ अंश सेल्सियसला होत असे, आता बहुतेक ठिकाणी ७० ते ९० अंशांना होते. चुनखडकाचे नेहमीचे खनिज कॅल्साइट लवकर विरघळते, मॅग्नेशियमयुक्त डोलोमाइटला जास्त वेळ द्यावा लागतो. तो दिला नाही तर अभिक्रिया अर्धवट राहते आणि मूल्य, विशेषतः ऑक्सिजनचे (त्याच वायूतून जड ऑक्सिजन-१८ चे प्रमाणही मोजले जाते), घसरते. यंत्राची अचूकता ०.१ ‰ किंवा त्याहून चांगली असते, त्यामुळे वाद यंत्रापाशी क्वचितच असतो. खरी गफलत भुकटी कुठून घेतली यात होते. कापलेल्या तुकड्याचा ताजा, बारीक कणांचा भाग बघून एखाद मिलिमीटरच्या ड्रिलने तो खरवडायचा आणि शिरा, भेगा, मोठे स्फटिक टाळायचे. एक पांढरी शीर चुकून ड्रिलखाली आली तरी आकडा समुद्राचा राहत नाही, कोट्यवधी वर्षांनंतर खडकात शिरलेल्या पाण्याचा होतो.

आता समीकरणाकडे वळू. ज्वालामुखी आणि खडकांची झीज यांतून समुद्र-वातावरणात येणाऱ्या कार्बनचे सरासरी मूल्य उणे ५ ‰ च्या आसपास. हा कार्बन दोनच वाटांनी बाहेर जातो, चुनखडक म्हणून किंवा पुरल्या गेलेल्या सेंद्रिय पदार्थाच्या रूपात. दीर्घकाळात आवक आणि जावक सारखी धरली, की सेंद्रिय वाटा सरळ निघतो: चुनखडकाच्या मूल्यातून आवकेचे मूल्य वजा करा आणि दोन वाटांतल्या फरकाने (२५ ‰ धरू) भागा. चुनखडक शून्यावर असेल तर ५ भागिले २५, म्हणजे २० टक्के. बहुतेक भूवैज्ञानिक काळात हेच उत्तर येते. चुनखडक अधिक १० ‰ वर असेल तर १५ भागिले २५, म्हणजे ६० टक्के. पुरल्या गेलेल्या प्रत्येक सेंद्रिय कार्बनच्या अणूमागे ऑक्सिजनचा एक रेणू मागे उरतो, म्हणून चढता आकडा ऑक्सिजन वाढल्याची खूण मानला गेला. या हिशेबाचे आकर्षण समजण्यासारखे आहे. हातात एक भुकटी आणि समोर सगळ्या ग्रहाचे वातावरण!

याची पहिली मोठी कसोटी आज झिंबाब्वेत असलेल्या लोमागुंडी भागात लागली. मान्फ्रेड श्चिडलोव्स्की आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात तिथल्या डोलोमाइटमध्ये अधिक १० ‰ च्या घरातली मूल्ये मोजली. त्यांनी ती जागतिक मानली नाहीत. हे खोरे समुद्रापासून तुटलेले असावे, असा त्यांचा सावध निष्कर्ष होता. पुढे स्कॉटलंड आणि नॉर्वेतल्या त्याच वयाच्या संगमरवरांतही जड कार्बन सापडला (बेकर आणि फॅलिक, १९८९), रशियाच्या करेलियात तर आणखी वरची मूल्ये मिळाली, आणि स्थानिक खोऱ्याची कल्पना मागे पडली. युहा कारहू आणि हाइनरिक हॉलंड यांनी १९९६ मध्ये हा टप्पा २२२ ते २०६ कोटी वर्षांपूर्वीचा ठरवला आणि त्यात आजच्या वातावरणातल्या साठ्याच्या १२ ते २२ पट ऑक्सिजन सुटला असावा, असा हिशेब मांडला. ऑक्सिजनवाढीचा तो सर्वात ठसठशीत पुरावा मानला जाऊ लागला.

त्यानंतरची शंभर कोटी वर्षे रेषा शून्याच्या आसपासच रेंगाळते. गडबड पुन्हा सुरू होते ती नवप्रागजीव महाकल्पात (सुमारे १०० ते ५४ कोटी वर्षांपूर्वी). अँड्रू नोल, जॉन हेज आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये स्वालबार्ड आणि पूर्व ग्रीनलंडच्या थरांत अधिक ५ ‰ च्या वरची मूल्ये आणि अधूनमधून खोल घसरणी दाखवल्या. चुनखडक आणि त्यातलाच सेंद्रिय पदार्थ बरोबरीने वरखाली होत होते, म्हणून हा बदल मुळातला असल्याचा भरवसा वाढला. १९९८ मध्ये पॉल हॉफमन यांच्या गटाने नामिबियातल्या घसरणी हिमगोल पृथ्वीच्या (जवळपास सगळी पृथ्वी बर्फाखाली गेल्याच्या) कल्पनेशी जोडल्या आणि कार्बनची वक्ररेषा ही थर जुळवण्याची पट्टीच बनली. जीवाश्म नसलेल्या खडकांत एका खंडातला छेद (एका जागी खालपासून वरपर्यंत दिसणारी थरांची मालिका) दुसऱ्या खंडातल्या छेदाशी जुळवायला दुसरे फारसे साधन नव्हते. इथे मला एक धोका दिसतो. घसरण जागतिक आहे असे धरून थर जुळवायचे आणि थर जुळले म्हणून घसरण जागतिक म्हणायची, असा वर्तुळाकार युक्तिवाद त्या काळच्या बऱ्याच लेखनात आहे.

शुरामचे उणे १२ या समीकरणात घालून पाहा. उणे १२ मधून उणे ५ वजा केले की उणे ७, भागिले २५, उत्तर उणे २८ टक्के. सेंद्रिय पुरणी शून्याखाली जाऊ शकत नाही. म्हणजे एक तर आवक-जावक समतोल नव्हती, किंवा आवकच बदलली होती, किंवा खडक समुद्राचे मूल्य सांगत नाही. ऑस्ट्रेलियातला वोनोका, चीनमधला दौशानतुओ, कॅलिफोर्नियातला जॉनी अशा शैलसमूहांतही तशीच घसरण मिळाल्याने हा आकडा बाजूला सारता येईना.

पहिले मोठे उत्तर डॅनियल रॉथमन, हेज आणि रॉजर समन्स यांनी २००३ मध्ये दिले. समुद्रात विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनचा अजैविक साठ्याहूनही मोठा साठा होता आणि त्याचे ऑक्सिडीकरण झाल्याने हलका कार्बन मिसळत गेला, असे ते उत्तर. शुराममधल्या सेंद्रिय पदार्थाचे मूल्य चुनखडकाबरोबर का हलत नाही, हे त्यातून सुबक सुटत होते: मोजला जाणारा सेंद्रिय पदार्थ त्या प्रचंड जुन्या साठ्यातलाच. अडचण निघाली जमाखर्चात. थॉमस ब्रिस्टो आणि मार्टिन केनेडी यांनी २००८ मध्ये दाखवले, की घसरण लाखो वर्षे टिकवायला लागणारा ऑक्सिजन आणि सल्फेट (तेही सेंद्रिय पदार्थाचे ऑक्सिडीकरण घडवते) आजच्या भरघोस साठ्यालाही झेपणारा नाही, दहा लाख वर्षांच्या आतच तो संपतो. पुढच्या कालमापनात तर घसरणीचा काळ याहून कितीतरी मोठा निघाला. ग्रॅहम शील्ड्स यांच्या गटाने २०१९ मध्ये जमिनीवर उघडे पडलेले जिप्समसारखे क्षारखडक झिजून सल्फेट पुरवत असावेत, असे सुचवले.

दुसरे उत्तर जास्त झोंबणारे होते. पॉल नॉथ आणि केनेडी यांनी २००९ मध्ये कार्बन आणि ऑक्सिजन यांची मूल्ये एकाच आलेखावर मांडली आणि दाखवले, की गोड्या भूजलाने बदललेल्या अलीकडच्या चुनखडकांत दिसणारा कलच इथे दिसतो. म्हणजे समुद्राचे मूल्य नंतर पुसले गेले. लुई डेरी यांनी २०१० मध्ये भूजलाऐवजी खोल गाडल्या गेलेल्या थरांतल्या द्रवांकडे बोट दाखवले. यावर जुनी ढाल होती पाण्याच्या मात्रेची. पाण्यात ऑक्सिजन भरपूर आणि कार्बन नगण्य, त्यामुळे खडकाच्या दहापट पाणी गेले तरी ऑक्सिजनचे मूल्य बदलते, पण कार्बनचे बदलायला शेकडो ते हजारपट पाणी लागते. म्हणून उणे १० ‰ च्या वरचे ऑक्सिजन मूल्य आणि मँगेनीज-स्ट्रॉन्शियम गुणोत्तर १० च्या खाली (बदललेल्या खडकात मँगेनीज वाढते आणि स्ट्रॉन्शियम घटते), अशा चाळण्या लावून उरलेले नमुने विश्वासार्ह मानले जात. या चाळण्या वाटतात तितक्या पक्क्या नाहीत. ऑक्सिजनविरहित समुद्रात मँगेनीज विरघळलेले असते, तिथला अस्सल चुनखडकही चाळणीत अडकतो. उलट समुद्राचेच पाणी गाळातून सतत वाहत राहिले तर खडक पूर्ण बदलतो आणि तरी चाळणीतून सुखरूप पार होतो. चीनमध्ये हिमयुगानंतरच्या डोलोमाइटच्या पोकळ्यांत उणे ४० ‰ च्याही खालची मूल्ये सापडली, तेव्हा ती प्राचीन मिथेनची खूण म्हणून गाजली होती. २०११ मध्ये तपशिलात पाहिल्यावर ते कॅल्साइट पुढे तप्त द्रवांतून भरलेले निघाले.

वोनोकात मात्र एक सुंदर कसोटी उपलब्ध होती. तिथे जुन्या थरांत खोल घळी कोरल्या गेल्या आणि त्याच थरांचे तुटके तुकडे घळीच्या तळाशी साचले. जॉन हसन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या तुकड्यांतला कार्बन तुकड्यागणिक मोजला. मूल्ये गाडल्यानंतर पुसली गेली असती तर शेजारशेजारचे तुकडे सारखे दिसले असते. ते वेगवेगळे निघाले, कुठे जड तर कुठे अतिशय हलके. म्हणजे तुकडे तुटण्यापूर्वीच मूल्ये ठरली होती. उशिरा झालेल्या बदलाचा पर्याय तिथे तरी टिकत नाही. लवकरचा बदल किंवा उथळ पाण्याचा स्थानिक परिणाम मात्र यातून सुटत नाही.

आज वाद तिथेच आहे. बहामाच्या उथळ किनारपट्टीवर तयार होणारे अॅरगोनाइट (कॅल्साइटसारखेच, पण वेगळ्या रचनेचे कॅल्शियम कार्बोनेट) खुल्या समुद्रापेक्षा बरेच जड असते, कारण दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि पाण्यातला कार्बन यांचे गणित तिथे वेगळे चालते. पीटर स्वार्ट यांनी २००८ मध्ये लक्षात आणून दिले, की समुद्रपातळी खालीवर झाली की असा गाळ जगभर एकाच वेळी वाढतो किंवा घटतो. जागतिक दिसणारी वक्ररेषा समुद्राचा कार्बन न बदलताही मिळू शकते. अॅन-सोफी आम आणि जॉन हिगिन्स यांच्या गटांनी कॅल्शियम समस्थानिके जोडीला घेतली. खडक बदलताना मूल्य गाळाने ठरवले की बाहेरून आलेल्या पाण्याने, हे त्यातून बऱ्यापैकी वेगळे करता येते.

लोमागुंडीचा प्रवासही मागे वळला आहे. टोनी प्रेव्ह आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये थर साचण्याच्या जागेनुसार आकडे वेगळे काढले तेव्हा जड मूल्ये बहुतांशी किनाऱ्यालगतच्या, बंदिस्त भागांत दिसली आणि खुल्या समुद्रातल्या थरांत ती शून्याकडे झुकली. श्चिडलोव्स्कींच्या पहिल्या सावध वाचनात तथ्य होते, असे माझे मत आहे. मग १२ ते २२ पट ऑक्सिजनचा हिशेब जसाच्या तसा वापरता येत नाही.

शुरामचे काय, हे तितके सोपे नाही. रेनियम-ऑस्मियम या किरणोत्सर्गी कालमापन पद्धतीने २०२० मध्ये कॅनडा आणि ओमानमधल्या थरांची वये काढली गेली आणि घसरण दोन्हीकडे साधारण ५७.४ ते ५६.७ कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान येते. दूरदूरच्या खोऱ्यांत एकाच वेळी घडलेली गोष्ट निव्वळ योगायोग म्हणणे कठीण. पण सगळा समुद्र उणे १२ वर गेला होता, असेही त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून नव्या छेदावर काम करताना एका उभ्या रेषेवर भागत नाही. त्याच थराचे किनाऱ्यापासून खोल पाण्यापर्यंतचे किमान दोन-तीन छेद, प्रत्येक नमुन्यापुढे तो कोणत्या पाण्यात साचला याची नोंद, चुनखडक आणि सेंद्रिय कार्बन दोन्हींची मूल्ये, जमेल तिथे कॅल्शियम, आणि कार्बनच्या वक्ररेषेवर न विसंबणारे एखादे वय. हे सगळे जुळून आलेले शुरामवयाचे छेद अजून मोजकेच आहेत.