वायफायचं नाव लपवलं म्हणजे कुलूप लागलं का?

‘राउटरमध्ये वायफायचं नाव लपवा, मग कुणी घुसू शकत नाही’ हा सल्ला बरीच वर्षं फिरतोय. पटतोही, कारण शेजाऱ्याच्या यादीतून नाव खरंच गायब होतं. पण तुमचा फोन जोडला जाताना तेच नाव उघडपणे पाठवतो आणि साधं मोफत सॉफ्टवेअर ते टिपतं. शिवाय लपवलेलं नेटवर्क शोधत फोन बाहेरही त्या नावाने हाका मारत फिरतो!

नाव ही दारावरची पाटी, कुलूप वेगळं: ते म्हणजे वायफायवरची माहिती सांकेतिक करणारी सुरक्षा पद्धत. बहुतेक अँड्रॉइड फोनवर जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात ‘सिक्युरिटी’पुढे या पद्धतीचं नाव दिसतं. डब्ल्यूपीए३ उत्तम, २००४चं डब्ल्यूपीए२ लांब पासवर्डसह चालेल. त्याहून जुनं डब्ल्यूईपी मात्र काही मिनिटांत फुटतं, ते राउटरच्या सेटिंगमध्ये लगेच बदला. जुन्या प्रिंटरला डब्ल्यूपीए३ झेपत नसेल, तर बऱ्याच राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ या दोन्हींचा मिश्र पर्याय असतो.