जपानचा पुरुष राष्ट्रीय व्हॉलीबॉल संघ

आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलमध्ये जपानचे प्रतिनिधित्व करणारा पुरुषांचा संघ. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारा हा संघ २००९ पासून ‘र्‍यूजिन निप्पोन’ (ड्रॅगनदेव जपान) या नावाने ओळखला जातो. अंगावर येणारी उंची नसताना २.४३ मीटर उंचीच्या जाळीवर यश कसे मिळवायचे, हा प्रश्न या संघाला प्रत्येक पिढीत नव्याने सोडवावा लागला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या माध्यमातून हा खेळ जपानमध्ये पोहोचला. तेथे, पूर्व आशियातील इतर देशांप्रमाणेच, एका बाजूला नऊ खेळाडू असलेला प्रकार रुजला आणि सहा खेळाडूंचा आंतरराष्ट्रीय प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतरच जोर धरू लागला. १९५८ च्या तोक्यो आशियाई खेळांत जपानने सुवर्णपदक मिळवले व भारताने कांस्य. १९६२ मध्ये जकार्ताला जपान पुन्हा पहिला आला, तेव्हा भारत दुसरा होता. त्या काळी या दोन देशांतील अंतर फार नव्हते, हे आज सांगितले तर अनेकांना खरे वाटणार नाही.

१९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा प्रथमच समावेश झाला. सोव्हिएत संघ व चेकोस्लोव्हाकिया यांच्यामागे राहून जपानच्या पुरुषांनी कांस्यपदक मिळवले; पण त्यांच्या महिला संघाने सुवर्ण जिंकल्यामुळे या पदकाची दखल फारशी घेतली गेली नाही. पुढच्या वर्षी मात्सुदाइरा यासुताका मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी १९७२ चे सुवर्ण हे ध्येय डोळ्यांपुढे ठेवून संघबांधणी सुरू केली. त्यांनी उंच तरुण हेरले; ओको सेइजी, मोरिता जुंगो आणि योकोता तादायोशी हे तिघेही १९० सेंमी.पेक्षा उंच होते. मात्र या उंच खेळाडूंना त्यांनी कसरतपटूंसारखे घडवले. हातांवर चालण्यासारखे व्यायामही सरावात असत, कारण उंच माणूस संथ असलाच पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते.

मात्सुदाइरांच्या संघाची खरी देणगी मात्र डावपेचांची आहे. तोवर सेटरने (फटक्यासाठी चेंडू उचलून देणाऱ्या खेळाडूने) चेंडू उंच द्यायचा आणि फटकेबाजाने ब्लॉकच्या (जाळीवर हात उंचावून केलेल्या अडथळ्याच्या) वरून किंवा बाजूने तो मारायचा, अशीच बहुधा रीत होती. जपानने चेंडू सेटरच्या हातून सुटण्याच्या बेतातच फटकेबाजाला हवेत नेले. या जलद हल्ल्याला आवर घालण्यासाठी प्रतिस्पर्ध्याने आधीच उडी मारावी, तर पहिला खेळाडू केवळ हूल देणारा ठरे आणि ब्लॉक करणारा खाली येत असतानाच दुसरा खेळाडू उडून फटका मारी. मोरिता यांनी तर ही हूल एकट्यानेच साधली: उडीचा नुसता आविर्भाव करायचा, समोरच्याला उडू द्यायचे आणि मग स्वतः उडायचे. या सगळ्याचा सूत्रधार होता १७९ सेंमी. उंचीचा सेटर नेकोदा कात्सुतोशी. चार ऑलिंपिक खेळलेल्या या खेळाडूचे १९८३ मध्ये जठराच्या कर्करोगाने, वयाच्या ३९ व्या वर्षी निधन झाले.

१९६८ मध्ये मेक्सिकोत रौप्य, १९६९ च्या विश्वचषकात पुन्हा रौप्य आणि १९७० च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य मिळवत हा संघ म्यूनिकला पोहोचला. उपांत्य सामन्यात बल्गेरियाने पहिले दोन सेट जिंकले, तेव्हा अनेक वर्षांची मेहनत वाया जाण्याची वेळ आली होती. मात्सुदाइरांनी नाकामुरा युझो आणि मिनामी मासायुकी या अनुभवी खेळाडूंना उतरवले व जपानने सामना ३-२ असा फिरवला. अंतिम सामन्यात पूर्व जर्मनीविरुद्ध पहिला सेट गमावूनही ३-१ असा विजय मिळाला.

त्यानंतर इतर देशांनी हेच डावपेच उचलले आणि त्यांच्या खेळाडूंची उंची तर जपान्यांहून अधिक होती. पोलंडने मागच्या ओळीतून हल्ला चढवण्याचे तंत्र आणले. ब्लॉकचा स्पर्श संघाला मिळणाऱ्या तीन स्पर्शांत न मोजण्याचा नियमही उंच संघांच्या पथ्यावर पडला. १९७६ मध्ये जपान चौथा आला. १९७७ च्या विश्वचषकातील रौप्यानंतर मोठ्या पदकांची वाट बंद झाली. १९८६ च्या सोल आशियाई खेळांत चीन, दक्षिण कोरिया आणि जिमी जॉर्ज यांचा समावेश असलेला भारत यांनी तिन्ही पदके घेतली. १९९२ नंतर थेट २००८ मध्ये जपानला ऑलिंपिक गाठता आले आणि तेथेही पाचही सामने तो हरला.

पुनरुत्थानाचे श्रेय बरेचसे इटलीतील लीगला द्यावे लागेल. इशिकावा युकी विद्यार्थी असतानाच तेथील मोदेना क्लबकडून खेळू लागला. त्याच्यामागून ताकाहाशी रानही इटलीत गेला. आठवड्यागणिक उंच ब्लॉकशी सामना झाल्याने अशा ब्लॉकची भीती राहिली नाही. लिबेरो (केवळ बचावासाठी खेळणारा खेळाडू) यामामोतो तोमोहिरो आणि १७५ सेंमी.चा सेटर सेकिता मासाहिरो यांनी जुन्या वेगवान खेळाला नवे रूप दिले. तोक्यो ऑलिंपिकमध्ये (२०२१) उपांत्यपूर्व फेरी गाठल्यावर फ्रान्सचे फिलिप ब्लाँ मुख्य प्रशिक्षक झाले. २०२३ च्या व्हॉलीबॉल नेशन्स लीगमध्ये इटलीला हरवून कांस्य मिळाले. २००९ च्या ग्रँड चॅम्पियन्स कपमधील कांस्य वगळता मोठ्या जागतिक स्पर्धेतले ते ४६ वर्षांतील पहिले पदक होते. त्याच वर्षी आशियाई अजिंक्यपदही मिळाले. २०२४ च्या लीगमध्ये फ्रान्सकडून हरून जपानने रौप्य पटकावले.

पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात इटलीविरुद्ध पहिले दोन सेट जिंकून जपान तिसऱ्यात २४-२१ असा पुढे होता. विजयासाठी एकच गुण हवा होता. तो मिळाला नाही आणि पाचवा सेट १५-१७ असा गेला. म्यूनिकच्या उपांत्य सामन्याचे हे नेमके उलटे रूप होते. त्यानंतर लोराँ तिली यांच्याकडे सूत्रे आली. २०२५ च्या फिलिपिन्समधील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तुर्कस्तान व कॅनडाकडून पराभूत होऊन संघ गटसाखळीतच बाद झाला.