भोंग्याची चाचणी आणि नागरी संरक्षणाचा अर्ज: सोलापूरकरांसाठी माहिती

सोलापूर हे भोंग्यांचं गाव. गिरण्या होत्या तोवर पाळी भोंग्यावर बदलायची, घरातलं घड्याळही त्यावरच लागायचं. आता 'युद्धाचा भोंगा वाजवून बघणार' म्हटल्यावर जुनी माणसं 'कुठली पाळी?' असं विचारतात, ते उगाच नाही.

चाचणीसाठी नागरिकाला कुठलाही अर्ज करावा लागत नाही. कुणी त्याचा फॉर्म विकत असेल तर सरळ हाकला. अर्ज लागतो तो नागरी संरक्षण दलात, म्हणजे हल्ला किंवा आपत्तीच्या वेळी लोकांना मदत करणाऱ्या सरकारी दलात, स्वयंसेवक व्हायला. ७ मे २०२५ च्या देशव्यापी युद्धसज्जतेच्या सरावाला देशातले २४४ नागरी संरक्षण जिल्हे घेतले होते. महाराष्ट्रातल्या १६ ठिकाणांत मुंबई, पुणे, नाशिक, मनमाड होतं, सोलापूर नव्हतं. त्यामुळे विचारायचं कुठे, इथूनच अडतं. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्यात दलाचा नियंत्रक जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसावा असं आहे. तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन शाखेतच जा.

पात्रता फार कडक नाही: भारताचं नागरिकत्व, १८ वर्षं पूर्ण, किमान चौथी पास. काम मानसेवी आहे, नोकरी नव्हे. पगाराच्या आशेने जाऊ नका. जाताना आधार, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट फोटो आणि प्रत्येकाची एक झेरॉक्स पिशवीत असू द्या, म्हणजे दुसरी खेप पडत नाही. दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का ते घरीच बघा. आपल्याकडे आडनावाच्या एका वेलांटीवरून कागद परत येतात. तरुणांना केंद्र सरकारच्या 'माय भारत' पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकूनही नाव नोंदवता येतं.

आता आवाजाचं. मोटरचा वीजपुरवठा चालू-बंद करत राहिलं की भोंगा चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. असा दोन मिनिटं वाजला तर हवाई हल्ल्याचा इशारा: आत जा, दिवे मालवा, खिडकीपासून लांब बसा. एकाच पट्टीत सलग दोन मिनिटं वाजला तर धोका टळला. गच्चीवर जाऊन व्हिडिओ काढणं हा यातला कुठलाच टप्पा नाही.

अचानक वाजलेला भोंगा चाचणीचा आहे की खरा, कळत नसेल तर आधी आत जा, मग जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन लावा.