कोपरा मागणारे स्पीकर

हॉर्न स्पीकर, म्हणजे भोंग्यासारख्या रुंदावत जाणाऱ्या नळीतून आवाज काढणारा स्पीकर, घ्यायला निघालेला माणूस सहसा दोन गोष्टी ऐकून आलेला असतो. एक, पाच-आठ वॉटच्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरवरही ते घर दणाणून सोडतात. दुसरी, अडनिड्या खोलीत ते बसत नाहीत. पहिली गोष्ट खरी, दुसरी अर्धीमुर्धी. हॉर्नच्या प्रत्येक नमुन्यामागे त्याच्या कर्त्याने मनात धरलेली एक खोली असते. ती खोली कोणती होती, हे कळलं की आपली निवड निम्मी सोपी होते.

सुरुवात घरात झालीच नाही. १९२६ साली वॉर्नर ब्रदर्सच्या व्हायटाफोन बोलपटांसाठी वेस्टर्न इलेक्ट्रिकने जी यंत्रणा दिली, तिचा जीव होता वेंट आणि थुरास या बेल लॅब्जच्या दोघांनी घडवलेला ५५५ ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग. अॅम्प्लिफायरची ताकद जेमतेम काही वॉटची आणि समोर शेकडो खुर्च्या. तोंडाशी हाताचा द्रोण करून हाक मारली की ती लांब जाते, तसंच हे. स्पीकरच्या आतल्या छोट्या थरथरत्या पडद्याने हवा ढकलली तर ती बाजूने निसटते. हळूहळू रुंदावत जाणाऱ्या नळीत मात्र तिला निसटायला जागा नसते, आणि पडद्याची मेहनत कारणी लागते. साध्या खोक्यातला स्पीकर आजही विजेचा शेकडा एखादाच भाग आवाजात बदलतो. हॉर्न त्याच्या कितीतरी पट काम काढतो.

याची किंमत मोजावी लागते ती आकारात. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते, आणि मोकळ्या जागेत हॉर्नच्या मुखाचा परीघ साधारण तेवढा हवा. चित्रपटगृहात पडद्यामागे हे खपून जायचं. १९३६ मध्ये एमजीएमच्या डग्लस शियररच्या चमूने, ज्यात जॉन हिलियर्ड आणि जेम्स बी. लान्सिंग होते, दुमडलेल्या हॉर्नची शियरर यंत्रणा आणली. त्याच वाटेने १९४५ मध्ये आल्टेकचे ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ आले. पुढे त्यातले काही हौशी मंडळींच्या दिवाणखान्यांत जाऊन बसले खरे, पण मूळ हिशेब मोठ्या सभागृहाचा होता. दहा फुटांवर बसून ते ऐकले तर बास आणि वरचे सूर वेगवेगळ्या ठिकाणांहून आल्यासारखे वाटतात, यात नवल नाही.

घरासाठीची युक्ती निघाली ती कोपऱ्यातून. जमीन आणि दोन भिंती जिथे भेटतात तिथे आवाजाला पसरायला अवकाशाचा आठवाच हिस्सा उरतो. मग मुखाचं क्षेत्रफळही तेवढंच कमी पुरतं. लंडनमध्ये पॉल फॉइक्ट यांनी १९३४ मध्ये घरगुती कोपरा-हॉर्न विकायला काढला होता. पण या कल्पनेला शेवटपर्यंत नेलं ते पॉल विल्बर क्लिप्श यांनी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या होप, आर्कान्सास इथल्या दारूगोळा चाचणी केंद्रावर ते नेमणुकीला होते. युद्ध संपल्यावर गाव सोडलं नाही, आणि १९४६ मध्ये तिथेच कंपनी काढली.

त्यांच्या क्लिप्शहॉर्न या कोपरा-हॉर्नची रचना नीट पाहण्यासारखी आहे. पंधरा इंची वूफर, म्हणजे बासचा स्पीकर, समोर दिसतच नाही. तो आत, दुमडलेल्या लाकडी वाटांच्या मागे बसवलेला. आवाज कपाटाच्या मागच्या दोन्ही कडांनी बाहेर पडतो, आणि तिथून पुढे खोलीच्या भिंतीच हॉर्नचा शेवटचा भाग होतात. म्हणजे गिऱ्हाईक अर्धा स्पीकर विकत आणतं, उरलेला अर्धा त्याच्या गवंड्याने आधीच बांधून ठेवलेला असतो. जमला तर एका वॉटला एक मीटरवर १०४-१०५ डेसिबल, आणि बास खाली पस्तीस हर्ट्झच्या जवळपास. नाही जमला, म्हणजे कपाट आणि भिंत यांच्यात फट राहिली, कोपऱ्यालगत दार आलं, किंवा भिंत काही फुटांत संपून खिडकी सुरू झाली, तर बास गळतो. जुन्या मॉडेलचे मालक मागच्या कडेला फोमची पट्टी लावून ती फट बुजवतात. हास्यास्पद दिसतं, पण फरक कानाला कळतो.

मग स्टिरिओ आला आणि एकाच्या जागी दोन कोपरे लागू लागले, तेही एकाच भिंतीचे. रुंद भिंतीच्या दोन टोकांना स्पीकर गेले की मध्ये पोकळी पडते. क्लिप्श यांनी उत्तर काढलं ते बेल लॅब्जच्या १९३३ च्या तीन-चॅनेल प्रयोगावरून: मध्ये तिसरा स्पीकर. त्या जागेसाठी १९५७ मध्ये त्यांनी एक छोटा, बंद खोक्याचा स्पीकर केला, ज्याच्या वूफरला हॉर्नच नव्हता. कोपरा-हॉर्नच्या कट्टर पुरस्कर्त्याने असं करावं, म्हणून त्याचं नाव पडलं ‘हेरसी’, म्हणजे पाखंड. १९५९ चा ‘कॉर्नवॉल’ कोपऱ्यात किंवा भिंतीला लावून, कुठेही चालेल असा. १९६३ चा ‘ला स्काला’ पूर्ण हॉर्नचा, पण कोपऱ्यावर न विसंबणारा. त्याची फेड बासमध्ये, पन्नास हर्ट्झच्या आसपासच तो सोडून देतो. माझ्या मते ही यादी म्हणजे खोलीशी केलेल्या तडजोडींची वंशावळ आहे, आणि निवड करताना हिचाच खरा उपयोग.

दरम्यान एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये एआर-१ आणून बाजाराची दिशाच बदलली. छोटं बंद खोकं, आतली हवा हीच स्प्रिंग, बास खोल. फक्त वॉट खूप खाणार. अशा स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एका वॉटमागे मिळणारा आवाज, हॉर्नहून वीस डेसिबल कमी असली, तर तेवढाच आवाज काढायला शंभर पट ताकद लागते. ट्रान्झिस्टरने वॉट स्वस्त केले आणि हॉर्न अडगळीत गेला. जपानी शौकिनांनी तो जपला, ३००बी सारख्या आठेक वॉटच्या ट्रायोड व्हॉल्व्हच्या जोडीने. आजची हॉर्नची हौस बरीचशी तिथूनच परत आली आहे.

आपल्याकडची खोली या सगळ्यात बसवायची, तर दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. टाइल्सची फरशी, विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंती, काचेच्या खिडक्या: मधले-वरचे सूर इथे खणखणत फिरतात. हॉर्न आवाज सगळीकडे न उधळता पुढे रोखतो, त्यामुळे बाजूच्या भिंतींवरचे पडसाद कमी होतात. म्हणून खणखणीत खोली हे हॉर्न नाकारायचं कारण नाही, उलट ते हॉर्नच्या बाजूचंच आहे. बासचं गणित वेगळं. दहा फूट म्हणजे सुमारे ३.०५ मीटर; त्या अंतरात ५६ हर्ट्झला लहर अडकून घुमते. खोली दहा बाय दहा आणि छतही तेवढंच उंच असेल, तर तिन्ही दिशांचा घुमारा एकाच सुरावर येतो. बास गिटारची ए तार नेमकी ५५ हर्ट्झची. ती छेडली की दुसरं काही ऐकू येत नाही. कोपऱ्यातला स्पीकर हा घुमारा पुरेपूर जागवतो, कारण कोपऱ्यात प्रत्येक लहरीचा दाब कमाल असतो.

त्यामुळे अशा खोलीत क्लिप्शहॉर्नचा हट्ट मी धरणार नाही, दोन कोपरे मोकळे असले तरीही. हेरसीसारखा स्पीकर, आणि लागलाच तर जागा बदलून पाहता येईल असा वेगळा सबवूफर, हे जास्त सोयीचं. पंधरा-अठरा फुटांच्या हॉलमध्ये कॉर्नवॉलचा विचार करावा. क्लिप्शहॉर्न लांबट खोलीत, आखूड भिंतीच्या दोन अखंड कोपऱ्यांत. त्याच्या २०१९ च्या एके-६ आवृत्तीत मागची बाजू बंद केली आहे, त्यामुळे फट बुजवण्याची कटकट गेली आणि तोंड थोडं वळवूनही ठेवता येतं. पण भिंतींचा आधार त्यालाही लागतोच. खोलीच्या मधोमध ठेवायचा स्पीकर तो अजूनही नाही.