विश्वसनीयता पूर्वानुमान, विमान व अवकाश सामग्रीचे

विमान, क्षेपणास्त्र किंवा उपग्रह यांतील सामग्री ठरावीक परिस्थितीत ठरावीक काळ बिनबिघाड चालण्याची संभाव्यता प्रत्यक्ष वापरापूर्वी काढणे. उत्तर बहुधा दर दशलक्ष किंवा अब्ज तासांमागील बिघाडांच्या रूपात देतात.

एकसरीत (एक बिघडला की सर्व यंत्रणा बंद, अशा रीतीने) जोडलेल्या घटकांच्या विश्वसनीयतांचा गुणाकार ही यंत्रणेची विश्वसनीयता, हा पायाभूत नियम जर्मनीच्या व्ही-१ या उडत्या बाँबचे एक अभिकल्पक (आराखडा करणारे) रॉबर्ट लुसर यांच्या नावाने ओळखला जातो. त्याची गणिती मांडणी एरिक पिएरुश्का यांनी सुचविली, असेही मत आहे व ते अधिक ग्राह्य वाटते. अर्थात संभाव्यताशास्त्रात हा गुणाकार जुनाच. प्रत्येकी ०.९९ विश्वसनीयतेचे १०० घटक एकसरीत असल्यास यंत्रणेची विश्वसनीयता जेमतेम ०.३७ उरते.

इलेक्ट्रॉनिक घटकांसाठी सर्वांत रुळलेली पद्धत अमेरिकी लष्करी हस्तपुस्तिका २१७ ची. तिची पहिली आवृत्ती १९६१-६२ च्या सुमाराची. ‘एफ’ आवृत्ती १९९१ मध्ये निघाली आणि तिची दुसरी दुरुस्ती १९९५ मध्ये. अभिकल्प प्राथमिक अवस्थेत असताना घटकांची नुसती मोजदाद करतात. पुढे प्रत्येक घटकावरील विद्युत् व औष्णिक ताण विचारात घेतात. घटकाच्या मूळ बिघाड-दराला तापमान, गुणवत्ता, परिसर इत्यादींचे गुणक लावले जातात. संकलित मंडलांसाठी (चिपांसाठी) परिसर-गुणक अवकाशातील उड्डाणात ०.५, म्हणजे जमिनीवरील सौम्य परिसराइतकाच; क्षेपणास्त्राच्या प्रक्षेपणात तो १२, तर तोफेतून डागलेल्या सामग्रीसाठी २२० आहे. कक्षेत हादरे नसतात हे खरे, पण प्रारणाचा (भेदक किरणांचा) परिणाम या आकड्यात दिसत नाही.

बिघाड-दर काळानुसार बदलत नाही, हे गृहीतक या पद्धतीचे मर्मस्थान आहे. अभिकल्पातील चुका व सॉफ्टवेअर तिच्या कक्षेबाहेर राहतात. मायकेल पेक्ट आदी मेरिलँड विद्यापीठातील अभ्यासकांनी तिच्यावर कठोर टीका केली. त्यांचा पुरस्कार बिघाड-भौतिकीला आहे : औष्णिक आवर्तने, कंप, गंजणे अशा प्रत्येक कारणाने घटक केव्हा निकामी होईल ते गणिताने काढणे. मात्र त्यासाठी द्रव्ये व भूमिती यांची लागणारी तपशीलवार माहिती सुट्या भागांचे उत्पादक क्वचितच पुरवितात.

फ्रेंच विमान व संरक्षण उद्योगांनी तयार केलेली फिडेस पद्धत (२००४) मधला मार्ग काढते. उपकरणाचे वर्ष उड्डाण, धावपट्टीवरील थांबा, साठवण अशा टप्प्यांत विभागून प्रत्येक टप्प्याचा ताण मोजला जातो. त्याशिवाय अभिकल्पापासून देखभालीपर्यंतच्या कार्यपद्धतीच्या दर्जासाठी १ ते ८ असा स्वतंत्र गुणक लावतात. विमानासारख्या चक्राकार वापरासाठी ती २१७ पेक्षा सयुक्तिक दिसते.

एकाच मंडलासाठी या पद्धतींची उत्तरे कित्येक पटींनी वेगळी येतात. त्यामुळे दोन पुरवठादारांनी निरनिराळ्या पद्धतींनी काढलेले आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. एकाच पद्धतीने दोन अभिकल्पांची तुलना करणे हा त्यांचा रास्त उपयोग होय.

धारवे (बेअरिंग), झडपा अशा यांत्रिक भागांसाठी प्रायः वायबुल वितरण (काळानुसार बदलणारा बिघाड-दरही मांडणारे संभाव्यता-सूत्र) व सेवाकाळातील नोंदी वापरतात. उपग्रहांच्या बाबतीत नमुने थोडे असतात आणि निकामी भाग तपासणीस बहुधा परत मिळत नाही.