बनावट व्हायरस इशारे

संगणकाच्या पडद्यावर अचानक उमटणारा, 'तुमच्या कॉम्प्युटरात व्हायरस शिरला आहे' असे खोटेच सांगणारा आणि त्या भीतीतून पैसे, पासवर्ड किंवा संगणकाचा ताबा मिळवू पाहणारा मजकूर. तंत्रभाषेत याला स्केअरवेअर म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमापट्ट्यात हा मजकूर बहुधा इंग्रजीत येतो, कधी यंत्राने भाषांतर केलेल्या हिंदीत किंवा कन्नडात. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाच्या नजरेत त्यातला लाल रंग, 'ट्रोजन' हा शब्द आणि ठळक फोन नंबर एवढेच चटकन भरते, आणि घाईने नंबर फिरवला जातो.

सुरुवातीचे असे इशारे खोट्या अँटिव्हायरस प्रोग्रॅममधून येत. 'विनफिक्सर', 'एक्सपी अँटिव्हायरस' ही त्यांतली गाजलेली नावे. ते विकणाऱ्यांविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये न्यायालयात धाव घेतली. आज बहुतेक इशारे ब्राउझरमधून येतात. म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: वेबपानाला तुमची हार्डडिस्क तपासता येत नाही. पानावर सरकणारी 'स्कॅन'ची पट्टी हे नुसते चित्र असते. 'तुमचा आयपी पत्ता (नेट जोडणीचा क्रमांक) आणि शहर आम्हाला माहीत आहे' हाही पुरावा नव्हे. प्रत्येक वेबसाइटला आयपी दिसतोच. शहर त्यावरून अंदाजाने काढलेले असते, त्यामुळे खानापुरात बसलेल्याला तिथे 'बेंगळुरू' लिहिलेले दिसू शकते.

ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे फोन नंबर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटीसंदेशात फोन नंबर कधीच नसतो. उलटी मोजणी, भोंग्यासारखा आवाज, 'कॉम्प्युटर बंद करू नका' ही ताकीद, गिफ्ट कार्डाने पैसे भरायला सांगणे, हे सारे खोटेपणाचेच लक्षण. खरा इशारा विंडोज सिक्युरिटीमध्ये किंवा आपण स्वतः घातलेल्या अँटिव्हायरसमध्ये उघडून पाहता येतो. तिथे नोंद नसेल तर पडद्यावरच्या मजकुरावर विश्वास ठेवू नये.

काढताना आधी इशारा कुठे बसला आहे ते पाहावे: उघड्या पानात, ब्राउझरच्या परवानगीत, की बसवलेल्या प्रोग्रॅममध्ये.

पान असेल तर त्यावरचे 'क्लोज' किंवा फुलीचे चित्रही दाबू नये. पान पूर्ण पडदा व्यापून बसले असेल तर एस्केप दोन-तीन सेकंद दाबून धरावे, मग कंट्रोल आणि डब्ल्यू. तरी हलले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ब्राउझर निवडून 'एंड टास्क' करावे. पुन्हा उघडल्यावर 'रिस्टोअर पेजेस?' असे विचारले तर नाही म्हणावे, नाहीतर तेच पान परत येते. ब्राउझर मागचे टॅब आपोआप उघडणारा असेल, तर आधी नेट तोडावे, मग ब्राउझर उघडून तो टॅब बंद करावा.

पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तासा-तासाला चौकटी येत असतील तर तो बहुतेक वेळा व्हायरस नसतो, दिलेली परवानगी असते. 'मी रोबो नाही, अलाउ दाबा' असे म्हणणाऱ्या पानावर कुणीतरी कधीतरी अलाउ दाबलेले असते. या चौकटी विंडोजच्याच वाटतात. पण बारीक अक्षरात ब्राउझरचे आणि साइटचे नाव असते, तिकडे कुणी बघत नाही. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असे जावे आणि अनोळखी साइट यादीतून काढाव्यात. एक्स्टेन्शन्सची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमांची, यादीही तेव्हाच तपासावी. एवढ्याने काम होते. यासाठी मशीन फॉरमॅट करून देण्याची दुकानांतली सवय अनावश्यक आणि नुकसानीची आहे. डीटीपीवाल्याचे श्रीलिपीचे फाँट, कन्नड टायपिंगचे नुडी, प्रिंटरचे ड्रायव्हर, सारे पुन्हा बसवावे लागते, आणि ते शोधताना तो अशाच एखाद्या डाउनलोडच्या पानावर जातो. फाँट आणि नुडी मूळ निर्मात्याकडूनच घ्यावेत. 'क्रॅक' केलेल्या कोरलड्रॉच्या पानांवर खरे एक आणि खोटी चार डाउनलोड बटणे असतात.

ब्राउझर बंद असतानाही इशारा येतो आणि त्यावर साइटचे नाव नसते, तेव्हा प्रोग्रॅम बसलेला असण्याची शक्यता धरावी. सेटिंग्जमधील इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी तारखेनुसार लावावी आणि त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपासचे अनोळखी नाव काढावे. निघत नसेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करावे, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज यांतून सेफ मोडमध्ये (मोजक्याच प्रोग्रॅमांनिशी चालणाऱ्या विंडोजमध्ये) जावे आणि तिथून काढावे. नंतर काम सेव्ह करून विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, म्हणजे डिफेंडरचा, ऑफलाइन स्कॅन चालवावा. मशीन आपोआप रीस्टार्ट होते आणि साधारण १५ मिनिटे लागतात. मध्येच हेस्कॉमची वीज जाण्याची भीती असेल तर यूपीएस असलेली वेळ निवडावी. दुसरे अँटिव्हायरस असेल तर डिफेंडर बाजूला होते, तेव्हा त्याचाच पूर्ण स्कॅन करावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर मोफत साधने मिळतात. हे केंद्र २०१७ मध्ये सुरू झाले.

अलीकडचा प्रकार जास्त धोक्याचा आहे. पान 'पडताळणीसाठी' विंडोज आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर दाबायला सांगते. पानाने गुपचूप कॉपी केलेली आज्ञा अशाने आपल्याच हातून चालते. ती चालली असेल तर इशारा खोटा असला तरी लागण खरी धरावी: नेट तोडावे, ऑफलाइन स्कॅन करावा, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावेत. फॉरमॅट करायची खरी वेळ ही.

फोन लावलाच गेला, तर पलीकडचा माणूस दुरून संगणकाचा ताबा देणारे एनीडेस्क किंवा क्विक असिस्ट सुरू करायला लावतो आणि इव्हेंट व्ह्यूअरमधील (विंडोजच्या नोंदवहीतील) लाल खुणा दाखवतो. त्या खुणा ठणठणीत मशीनवरही असतात. ताबा दिला असेल तर लगेच नेटची वायर काढावी, ते ॲप काढून टाकावे आणि बँकेला कळवावे. पासवर्ड किंवा ओटीपी आपणच सांगितला असेल, तर रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घातलेल्या नियमानुसार कळवण्याआधीचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे; म्हणून बँकेला कळवण्यास एक तासही दवडू नये.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. बेळगावात अशा गुन्ह्यांसाठी सीईएन (सायबर, आर्थिक व अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाणे आहे. खाते कोल्हापूर-गडहिंग्लजच्या शाखेत आणि राहणे निपाणीत, अशा सीमाभागातल्या माणसाला 'ही आमची हद्द नव्हे' असे उत्तर मिळू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. सोबत पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो, त्यावरचा नंबर, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ न्यावी. यासाठी पान बंद करण्याआधीच फोटो काढून ठेवावा.